नलूच्या वाट्याचं दूध

बारशाच्या दिवशी सकाळी रजनीने पोरीला अंगावर घेतलं, तेव्हा तिने पदराचं टोक दातांत धरलं होतं. पोरीने तोंड लावलं, दोनदा ओढलं आणि ती सुटली. पुन्हा लावलं, पुन्हा सुटली. मग मान मागे टाकून ती अशी ओरडायला लागली, की व्हरांड्यात तोरणासाठी आंब्याची पानं ओवत बसलेली रजनीची सासू सुईदोऱ्यासकट आत आली.

"पुन्हा सोडलं?" सुमित्राबाई म्हणाल्या.

"घेतच नाही, आई."

"घेत नाही म्हंजे? लेकराले भूक हाये तं ते घेईन नाही काय? तू धरत नसशीन बराबर."

"धरतेय ना. हे बघा."

सुमित्राबाईंनी वाकून पाहिलं. रजनीच्या दोन्ही बाजू ताणून चकाकत होत्या, निळ्या शिरा वर आल्या होत्या. उजव्या बोंडाला आडवी भेग पडली होती आणि तिच्यावर काळसर खपली धरली होती. पोरीचं तोंड तिथे टेकलं, की रजनीच्या पायाची बोटं आपोआप आखडत.

"मंग दूध नसन," सुमित्राबाई म्हणाल्या आणि तोरण घेऊन बाहेर गेल्या.

त्र्याहत्तर सालचा मे महिना होता. भोपाळच्या पिपलानीतल्या त्या दोन खोल्यांच्या क्वार्टरचं छत सकाळी नऊलाच तापायला लागायचं. खिडकीला वाळ्याचा पडदा होता, पण नळाला पाणी दोन वेळा तासतासभरच यायचं, त्यामुळे दुपारपर्यंत पडदा वाळून कोरडा व्हायचा. रजनीचा नवरा नीळकंठ कारखान्यात विजेच्या मोटारींच्या कॉइली गुंडाळायच्या खात्यात होता. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं. पण रजनीची आई दोन वर्षांमागे वारली होती आणि भावजयीचं पत्र आलं होतं, की यंदा विहीर आटली आहे, बाळंतिणीचं कसं करायचं. म्हणून नरखेडजवळच्या गावाहून सासू आली होती. येताना डिंक, आळीव आणि जुनी लुगडी फाडून शिवलेली दुपटी घेऊन आली होती.

कळा पहाटे सुरू झाल्या आणि दवाखान्यात न्यायच्या आतच पोर गेंदाबाईच्या हातांवर आली. गेंदाबाई आनंद नगरच्या अंगाला राहायची, टाउनशिपमधल्या बाळंतिणींना मालिश करायला यायची. पोर बाहेर आली तेव्हा तिने ती उचलून सरळ रजनीच्या छातीकडे नेली होती. सुमित्राबाईंनी मधेच हात घातला. पहिला चीक जड असतो, लेकराला पचत नाही, असं त्यांचं म्हणणं. तीन दिवस त्यांनी तो पिळून वाटीत काढला आणि तुळशीत ओतला. पोरीला मधाचं बोट आणि गुळाचं पाणी दिलं. चौथ्या दिवशी अंगावर दिली, तर पोरीला बोट चोखायची सवय लागलेली, आणि रजनीची छाती तोवर विटेसारखी घट्ट झालेली.

बारशाला आठ-दहा बायका आल्या. बहुतेक नागपूरकडच्याच, कोणाचा नवरा स्टोअरात, कोणाचा फौंड्रीत. शेजारच्या क्वार्टरमधली कुसुम देशकर पाळण्याला चमेलीचा गजरा बांधत होती. पाळण्यात पोर रडून रडून आता नुसती कण्हत होती. नाव ठेवलं नलिनी. कानात कुर्र केलं, तेव्हा तिने डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"लेकरू भुकेलं हाये," एक म्हातारी म्हणाली. "बाळंतिणीचं दूध आटलं काय?"

"आटायला आधी यायला पाहिजे ना," कुसुम म्हणाली. "कोणाकोणाला येतच नाही. माझ्या दोघांच्या वेळी मला कुठे आलं?"

"तिच्या अंगानं पहा ना केवढीशी हाये. काडी. कुठून येईन?"

"आळीव देता ना?"

"आळीव देतो, मेथी देतो, खसखस देतो," सुमित्राबाई म्हणाल्या. "पाणी मोजून देतो. आणखी काय करावं माणसानं?"

रजनी पाटावर बसली होती. पाळण्यातून पोर पुन्हा एकदा कण्हली आणि रजनीच्या छातीत मुंग्यांसारखं काहीतरी धावलं. पोलक्यात ऊन ओल पसरली. तिने हात आडवा घेतला, पण ती ओल पोलक्यातून पदरात उतरली. हिरव्या इरकली पदरावर दोन काळपट डाग हळूहळू मोठे होत गेले. म्हातारीचं लक्ष गेलं, कुसुमचं गेलं.

"बाई, हे तर वाहून राहिलंय," म्हातारी म्हणाली.

कोणीतरी हसलं. रजनी उठली आणि आतल्या खोलीत गेली. दूध नाही तर मग हे काय आहे? हा प्रश्न स्वतःलाच विचारत ती भिंतीला टेकून उभी राहिली. बाहेर घुगऱ्या वाटायला सुरुवात झाली होती.

*

दुसऱ्या दिवशी नीळकंठने सायकलरिक्षा आणली आणि तिला दवाखान्यात नेलं. सुमित्राबाईंना हे पटलं नव्हतं. लेकराला सारखं काट्यावर घालू नये, नजर लागते, असं त्या दारापर्यंत सांगत आल्या.

लहान मुलांच्या खोलीत अन्नम्मा नावाची केरळची सिस्टर होती. काळी, उंच, पन्नाशीची. तिने पोरीचं दुपटं सोडलं, तिला काट्याच्या तबकात ठेवलं आणि वजन पुढेमागे सरकवलं. गेंदाबाईने पोर जन्मली त्या दिवशीच इथे आणून वजन करून घेतलं होतं, तो कागद नीळकंठच्या खिशात होता. तेव्हा दोन किलो नऊशे. आता काटा दोन किलो पाचशेवर थांबला.

सिस्टरने पोरीच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच बसली नाही.

"कितना बार पिलाता?"

"रोती है तब," रजनी म्हणाली.

"रोने का रास्ता नहीं देखना. दो-दो घंटे में. दोनों साइड. बाहर का कुछ नहीं, शहद नहीं, पानी नहीं. तुम पानी पीता?"

रजनीने दोन बोटं दाखवली. सासू सकाळी एक, संध्याकाळी एक असे दोन पेले कोमट पाणी देत होती. जास्त पाण्याने पोट सुटतं आणि दूध पातळ होतं, म्हणून.

"पीओ, खूब पीओ. इतना गरमी में पानी नहीं पीएगा तो मर जाएगा." सिस्टरने नीळकंठकडे पाहिलं. "आठ दिन में वजन नहीं बढ़ा तो बच्चा को भर्ती करेगा. समझा?"

मग सिस्टरने रजनीची छाती तपासायला पडदा ओढला. दाबलं, तशी रजनीच्या तोंडून आवाज निघाला. सिस्टर म्हणाली, दूध आहे, भरपूर आहे, अडकलं आहे. गरम कपड्याने शेक, हाताने काढ, मग पाज. रजनीने मान हलवली. बाहेर आठ-दहा बायका मुलं घेऊन ताटकळत होत्या आणि सिस्टरने पडदा पुन्हा बाजूला सारला.

रिक्षात नीळकंठने विचारलं, "काय म्हणाली आत?"

"दूध आहे म्हणाली."

"मग घरी का म्हणतात नाही म्हणून?"

"मला काय माहीत?"

त्याच्या हातांना कॉइलींच्या वॉर्निशचा वास असायचा, अंघोळ केली तरी जायचा नाही. तो वास पोरीला लागू नये म्हणून तो तिला फारसा घ्यायचाच नाही. "म्हणजे नेमकं होतं काय? ती ओढते तेव्हा?" त्याने विचारलं. पुढे रिक्षावाला होता. रजनीने मान दुसरीकडे वळवली. दुखतं, एवढंच ती म्हणाली असती, आणि ते तर सगळ्यांनाच माहीत होतं.

*

घरी आल्यावर शेक सुरू झाला. सुमित्राबाईंनी तव्यावर कपडा गरम करून दिला, पण पाण्याचा तांब्या मात्र उचलून ठेवला. रजनीने दुपारी त्या डुलकी घेत होत्या तेव्हा माठातून दोन पेले पाणी चोरून प्यायलं. स्वतःच्या घरात चोरून पाणी पिताना तिला लाज वाटली, आणि पिऊन झाल्यावर भीतीही वाटली. सिस्टर खरी की सासू खरी? सासूने चार मुलं वाढवली होती. सिस्टरला मुलं होती की नाही, कोणास ठाऊक.

दोन-दोन तासांनी ती पोरीला घ्यायची. मांडीवर उशी, उशीवर पोर, आणि आपण पाठ वाकवून तिच्या तोंडावर झुकायचं. पोर टोकालाच चावल्यासारखी पकडायची, रक्त यायचं, पोरीच्या ओठांना गुलाबी फेस लागायचा. सुमित्राबाईंनी तो पाहिला आणि त्या पाटावर बसल्या.

"रक्त पाजून राहिली का व लेकराले?"

त्या दुपारी कुसुम डबा घेऊन आली. दुधाच्या पावडरचा मोठा डबा, त्यावर गुटगुटीत मुलाचं चित्र, आणि सोबत उकळून फडक्यात गुंडाळलेली बाटली. "माझे दोघं यावरच वाढले," ती म्हणाली. "कशाला जीव काढतेस रजनी? बघ तरी देऊन."

रजनीने सासूकडे पाहिलं. सासूने नकार दिला नाही. बाटली पोरीच्या तोंडात गेली आणि पोरीने जी ओढायला सुरुवात केली ती थांबेचना. घटाघट आवाज येत होता. सगळं संपवून तिने हात सैल सोडले आणि जी झोपली ती चार तास उठली नाही. पोर जन्मल्यापासून पहिल्यांदा घर शांत झालं. सुमित्राबाई व्हरांड्यात जाऊन निवांत पान खात बसल्या.

रजनी पोरीजवळ आडवी झाली. मोकळं वाटायला हवं होतं, तसं थोडं वाटलंही. पण छाती चार तास कोणी हलकी केली नव्हती. संध्याकाळपर्यंत ती इतकी जड झाली, की हात अंगाशी टेकवता येईना. मग पोरीला तिने घ्यायला पाहिलं, तर पोरीने तोंड लावून चाखल्यासारखं केलं आणि मान फिरवली. तिला आता रबराचं बोंड हवं होतं.

"पाहिलं?" सुमित्राबाई म्हणाल्या, पण त्यांना काय पाहिलं म्हणायचं होतं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

गुरुवारी रजनीला थंडी वाजून ताप भरला. मे महिन्याच्या त्या उन्हात तिने गोधडी ओढून घेतली. उजव्या बाजूला तळहाताएवढा लाल पट्टा उठला होता. नीळकंठने हात लावून पाहिला आणि लगेच मागे घेतला, तवा तापावा तसा तो भाग तापला होता.

*

शुक्रवारी अकराच्या सुमारास गेंदाबाई मालिशला आली. तिने रजनीची चोळी सोडली आणि तेलाची वाटी खाली ठेवली.

"हाय दैया. छाती तो पत्थर हो रई है." तिने पोरीकडे पाहिलं. पोर बाटली पिऊन पडली होती, पण दोन दिवसांपासून तिला पातळ हगवण लागली होती आणि टाळू खोल गेली होती. "और जे डिब्बे का दूध? जे तो इसको लग नई रिया."

"मंग काय करू सांग ना," सुमित्राबाई तिच्यावर ओरडल्या. "दिलं तरी बोलता, नाही दिलं तरी बोलता. ती सिस्टर एक सांगते, कुसुम एक सांगते, तू एक सांगतं."

गेंदाबाईला मराठी समजायचं. ती हात पुसून उठली. "हम अभी आए," म्हणाली आणि उन्हात निघून गेली.

ती परत आली ती तासाभराने. सोबत तिची सून होती, रामकली, वीस-एकवीसची, डोक्यावरून पदर, पाय धुळीने पांढरे. तिच्या कडेवर आठ महिन्यांची पोर होती, काळी, टणक, हातात भाकरीचा तुकडा. मुनिया तिचं नाव. दोघीही व्हरांड्यात थांबल्या, कारण गेंदाबाई आत यायची ती फक्त मालिशपुरती, आणि प्यायला तिच्यासाठी बाहेर कोनाड्यात वेगळा चिनीमातीचा कप होता.

"मुनिया खींच लेगी," गेंदाबाई म्हणाली. "बड़ी बच्ची है, जोर है इसमें. छाती ढीली हो जाएगी. और रामकली तुम्हारी बच्ची को पिला देगी."

सुमित्राबाईंना समजायला क्षणभर लागला. मग त्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"नाही. ते नाही होत. त्यांचं लेकरू माह्या सुनेले लावू? आन् माह्या नातीले त्यांचं दूध? रजने, तू सांग तिले, जाय म्हणा."

रजनी खाटेवर उठून बसली. तापाने तिचे ओठ सुकले होते. समोर उजेडात त्या दोघी उभ्या होत्या, रामकली खाली मान घालून, आणि मुनिया भाकरीचा तुकडा चघळत थेट तिच्याकडे बघत होती. रजनीला नाही म्हणायचं होतं. हो म्हणायचं होतं. नीळकंठ कामावर होता, विचारायला दुसरं कोणी नव्हतं. शेजारी पोर पडली होती आणि तिचं रडणं आता मांजराच्या पिलासारखं बारीक झालं होतं.

"येऊ द्या," ती म्हणाली.

"रजने."

"आई, येऊ द्या त्यांना. नाहीतर तुम्ही सांगा काय करू."

सुमित्राबाई दारातून बाजूला झाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. आतून त्यांनी एकही भांडं वाजवलं नाही.

गेंदाबाईने मुनियाचं तोंड ओल्या फडक्याने पुसलं आणि तिला रजनीच्या मांडीवर बसवलं. मुनियाने अनोळखी बाईकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, मग छाती पाहिली आणि तोंड मोठं उघडून अख्खी काळी गोलाई आत घेतली. रजनी किंचाळली. तिने पोरीला ढकलायला हात उचलला, तो गेंदाबाईने धरला. "रुको बाई. रुको. गिनो बीस तक." रजनीने मोजलं नाही. डोळ्यांतून पाणी गळत राहिलं. मग एकाएकी आत काहीतरी सुटलं, पाट फोडल्यासारखं. दुखणं थांबलं नाही, पण बदललं. मुनियाच्या गळ्यातून गटक, गटक आवाज यायला लागला. दुसऱ्या बाजूनेही आपोआप दूध वाहायला लागलं आणि गेंदाबाईने तिथे फडकं दाबून धरलं.

समोर जमिनीवर भिंतीला पाठ टेकून रामकली बसली होती. तिने नलूला घेतलं होतं. ती वाकली नव्हती. पोरीला तिने आपल्याकडे वळवून, पोटाला पोट लावून, वर उचलून घेतलं होतं, आणि पोरीने तोंड उघडल्याशिवाय ती घाई करत नव्हती. ओठांना हलकेच लावायची, थांबायची. पोरीने मोठा आ केला, की झटक्यात जवळ. नलूने पकडलं आणि ती पिऊ लागली. तिचे कान हलत होते.

रजनी बघत राहिली. इतक्या दिवसांत तिने आपल्या पोरीचे कान असे हललेले पाहिले नव्हते. आपल्या छातीतून दूध निघत होतं आणि ते परक्याच्या मुलीच्या पोटात जात होतं. आपली मुलगी परक्या बाईच्या मांडीवर पोटभर पीत होती. हे चांगलं चाललं आहे की वाईट, हेच तिला कळेना. रामकलीचा राग येत होता आणि तिचे पाय धरावेत असंही वाटत होतं. रामकलीने वर पाहिलं, दोघींची नजर भेटली, तर रामकलीच लाजली.

"मेरी भी पहले नहीं पकड़ती थी," ती म्हणाली. "अम्मा ने सिखाया."

मुनिया पिऊन झोपली, तिच्या ओठांतून दूध ओघळत होतं. मग गेंदाबाईने नलूला रामकलीकडून उचललं आणि रजनीच्या डाव्या बाजूला, रामकलीने धरलं होतं तसं, पोटाला पोट लावून दिलं. छाती आता मऊ झाली होती. नलूने आ केला. रजनीने झुकायचं नाही असं ठरवून पाठ भिंतीला टेकली आणि पोरीला आपल्याकडे ओढलं. पोरीने पकडलं. दहा-बारा वेळा ओढलं, मग दमून सोडलं.

"बस, इतना बहुत है आज," गेंदाबाई म्हणाली.

सुमित्राबाई स्वयंपाकघरातून आल्या. त्यांच्या हातात दोन पेले ताक होतं. एक त्यांनी गेंदाबाईच्या कोनाड्यातल्या कपात ओतलं. दुसरा पेला घरातला, पितळेचा होता. तो हातात धरून त्या रामकलीसमोर उभ्या राहिल्या, काय करावं ते न सुचून. मग तो त्यांनी जमिनीवर ठेवला आणि बाजूला झाल्या. रामकली गेल्यावर तो पेला त्यांनी राखेने तीनदा घासला.

*

रामकली पाच दिवस दुपारी येत राहिली. उजव्या बाजूचा लाल पट्टा मात्र बसला नाही. तिथे आत पू झाला आणि दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी चीर देऊन तो काढला. रोज पट्टी बदलायला जावं लागायचं. पट्टीची वात आतून ओढून काढताना रजनी खाटेचा लोखंडी दांडा धरून बसायची. सिस्टर अन्नम्माने सांगितलं, उजवी राहू दे, डावीनेच पाज. डावीला दूध वाढेल. रजनीने विचारलं, एका बाजूने पुरेल का? सिस्टर म्हणाली, पुरेल. कुसुम म्हणाली, नाही पुरत, बाटली सुरू ठेव. सुमित्राबाई म्हणाल्या, दोन्ही सुरू ठेव. रजनीने दोन्ही सुरू ठेवलं आणि दोन्हीवर तिचा विश्वास नव्हता.

हळूहळू बाटली सकाळची राहिली, मग तीही कधी लागायची, कधी नाही. कोणत्या दिवशी दूध पुरलं आणि कोणत्या दिवशी नाही, हे तिला आधी कळायचं नाही. पोर रडली की ती छाती हलवून बघायची, जशी हंडी हलवून पाणी किती आहे ते बघावं. पण आतलं दिसत नव्हतं. झोपेतही तिचा हात पोरीच्या टाळूवर असायचा, खोल गेली का ते चाचपायला.

महिन्याभराने काट्यावर तीन किलो चारशे आलं. सिस्टरने नुसतं "हाँ" म्हटलं आणि पुढच्या मुलाला हात केला.

घरी आल्यावर कुसुम म्हणाली, "पाहिलंस? मी डबा आणला नसता तर?" गेंदाबाई म्हणाली, मुनियाने ओढलं म्हणून. नीळकंठला वाटत होतं, गोळ्यांनी ताप उतरला म्हणून सगळं झालं. तो आता अंघोळ करून, हात चिंचेने घासून पोरीला घ्यायचा. सुमित्राबाई आळीव निवडत होत्या.

"कशानं झालं असेल हो, आई?" रजनीने विचारलं.

"झालं ना? मंग," त्या म्हणाल्या.

*

जूनच्या शेवटी गावाकडून धाकट्या दिराचं पत्र आलं, पेरणीला माणूस नाही, आईला पाठवा. सुमित्राबाईंनी ट्रंक भरली, बोचकं बांधलं. नीळकंठने सुट्टी घेतली आणि तिघं, म्हणजे पोरीसह चौघं, नरखेडच्या पॅसेंजरसाठी भोपाळ स्टेशनवर आले. गाडी उशिरा होती. नीळकंठ चौकशीला गेला. फलाटावर हमाल, दुधाचे कॅन, मंडीतल्या धान्याची पोती, जागा मिळेल तिथे बसलेली माणसं.

नलू रडायला लागली. रजनीने बाजूला पाहिलं, कुठे आडोसा नव्हता. ती सुमित्राबाईंच्या ट्रंकेवर बसली, पदर ओढला, पोरीला पोटाला पोट लावून वळवलं आणि थांबली. पोरीने तोंड मोठं उघडलं. सुमित्राबाई उठल्या आणि लोकांकडे तोंड करून तिच्यासमोर उभ्या राहिल्या, लुगड्याचा पदर दोन्ही हातांनी पसरून. एक माणूस त्यांच्या अंगावरून वाकून पाहायला लागला, त्याला त्या म्हणाल्या, "काय पायते रे? जाय तिकडे."

मग पाठमोऱ्याच त्या म्हणाल्या, "नीळकंठाच्या आधी एक होता मले."

रजनीने वर पाहिलं. तिला हे माहीत नव्हतं.

"दीड महिन्याचा झाला. पाजतच होती मी, पाजतच होती. अन् तो वाळतच गेला. माही सासू म्हणे दूध वाईट. माही माय म्हणे नजर. वैद्य म्हणे उष्णता." त्यांनी पदर खाली येऊ नये म्हणून हात जरा उचलले. "काय चुकलं ते मले आजपावतो समजलं नाही. नीळकंठाच्या वेळी तसंच केलं, तर तो जगला. तेही नाही समजलं."

"मग मला तुम्ही..."

"कोणीतरी सांगा लागते ना व. काहीच सांगतलं नसतं तं तू आणखी घाबरली असती." त्यांनी मान वळवून पोरीकडे पाहिलं. "मीबी घाबरली होती. तुले रक्त आलं तवा. मले वाटे, हे बी जाते आता."

इंजिनाची शिट्टी आली, फलाट हलायला लागला, लोक पोती उचलून धावले. नीळकंठने धावत येऊन बोचकं उचललं आणि तो ट्रंक मागू लागला. रजनी उठायला गेली, तशी सुमित्राबाईंनी तिच्या खांद्यावर हात दाबला.

"बस तू. पेटी राहू दे. नंतर कोणाच्या हाती पाठव."

"पण आई, त्यात तुमची लुगडी..."

"राहू दे म्हटलं ना. पिऊन राहिली ती."

त्या नीळकंठच्या आधाराने डब्यात चढल्या आणि खिडकीशी जागा मिळवून बसल्या. गाडी सुटली तेव्हा त्यांनी हात हलवला नाही. त्या खिडकीच्या गजांमधून मान वाकडी करून, जितका वेळ दिसेल तितका वेळ, रजनीच्या पदराकडे बघत होत्या. नीळकंठ गाडीबरोबर थोडा चालला आणि परत आला.

रजनी ट्रंकेवरच बसून होती. फलाट रिकामा होत आला होता. पोरीचे कान हलत होते.

"पुरेल तिला?" नीळकंठने विचारलं.

"माहीत नाही," रजनी म्हणाली. "थांबा जरा."

आणि तो तिच्यासमोर, त्याची आई उभी होती तिथे, लोकांकडे तोंड करून उभा राहिला.